चव घेण्यात आली होती

"बाई, एवढ्यावर तुमचं लाल पेन फिरवा. सोमवारी सायबास्नी द्यायचाय."

सुगंधा खिलारेनं चौघडी केलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली. शुक्रवारची दुपार होती. वाचनालयाच्या माडीवर माझा वर्ग नुकता भरला होता. बारा बायका आल्या होत्या, त्यातल्या निम्म्या पदरानं वारा घेत होत्या.

"लाल पेन माझ्याकडे नाही, तुम्हाला माहीत आहे."

"आजच्या दिवस तरी, बाई."

"आज तर मुळीच नाही. बसा आणि मोठ्यानं वाचा."

असं फाडकन बोलायची मला सवयच होती. सव्वीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर पोट भरलेल्या माणसाची जीभ मऊ कशी राहील? छापखाना बंद पडल्यावर वाचनालयाच्या लोकांनी मला विचारलं, चाळिशीच्या पुढं लिहायला शिकलेल्या बायकांना अर्ज, तक्रारी, पत्रं नीट लिहायला शिकवाल का? मी लगेच हो म्हणाले. आपल्याला जमणार नाही असं काही जगात आहे, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

पहिल्या महिन्यात मी लाल पेन चालवलंच होतं. हिराबाई म्हणून एक होत्या, त्यांचा रेशनकार्डाचा अर्ज मी असा काही सजवून दिला की वाचणाऱ्यानं वाहवा करावी. कचेरीतल्या कारकुनानं त्यांना त्यातलीच एक ओळ विचारली, तर हिराबाईंना ती कळेना. कारकून म्हणाला, ज्यानं लिहिलंय त्याला घेऊन या. हिराबाई रडत परत आल्या. त्या दिवशी मी लाल पेन कपाटात टाकलं ते टाकलंच. तेव्हापासून ज्याचा कागद त्यानंच दुरुस्त करायचा, असा वर्गाचा कायदा झाला.

पण दुरुस्त करायचा म्हणजे काय, हे बायकांना सांगायचं कसं? व्याकरण सांगून मी हात टेकले होते. मग एक युक्ती काढली. आधी लिहिलेलं दुसऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं. मग एक रात्र ते नजरेआड ठेवायचं. आणि मग पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यापुढं समासात चित्र काढायचं. मी स्वतः केलं असेल तर हात. मी पाहिलं असेल तर डोळा. कुणाकडून ऐकलं असेल तर कान. तिन्हींतलं काहीच बसत नसेल तर ते वाक्य तुमचं नाही. ते काढा, नाहीतर खरं काय ते शोधून लिहा. बायकांना हे फार आवडलं. काहींचे कान मात्र पुरीसारखे टम्म फुगायचे.

सुगंधा वर्गातली हुशार बाई. चार किलोमीटरवरच्या बोरजाईवाडीहून चालत यायची. तिथल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायचं काम तिच्याकडे होतं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, त्या मानधनावरच घर चाललेलं. बुधवारी तिच्या शाळेत घोटाळा झाला होता. खिचडी खाऊन अकरा मुलांना उलट्या झाल्या. जीपमधून त्यांना दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळपर्यंत सगळी घरी आली. पण पंचायत समितीकडून चौकशी लागली. सोमवारी विस्तार अधिकारी येणार होते आणि सुगंधाला लेखी खुलासा द्यायचा होता. खुलासा पटला तर काम राहणार, नाही पटला तर जाणार.

ती वाचू लागली.

"सदर दिवशी पोषण आहार नेहमीप्रमाणे शिजविण्यात आला..."

"थांबा. सदर म्हणजे काय हो?"

"सायबास्नी आवडतं म्हणत्यात, बाई."

वर्ग हसला. सुगंधा मात्र हसली नाही. तिनं एका दमात पुढचं वाचलं. तांदूळ आणि डाळ स्वच्छ निवडून धुण्यात आली होती. वाढण्यापूर्वी अन्नाची चव घेण्यात आली होती व ती योग्य होती. त्यानंतर वाढप मदतनीस आनसाबाई यांच्याकडे होते. पुढील प्रकार कसा घडला याची मला कल्पना नाही. चुकीबद्दल क्षमा असावी.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"डुबल गुरुजींनी सांगितलं, मी लिवलं. अक्षर माझंच हाय."

डुबल गुरुजी म्हणजे तिथले मुख्याध्यापक.

"अक्षराचं राहू द्या. पेन्सिल घ्या."

ती खाली बसली आणि चित्रं काढू लागली. तांदूळ निवडले, तिथं हात काढला. पाच बोटं नीट मोजून काढली. चुलीला जाळ घातला, हात. पोरं ओळीनं बसली, डोळा. मग तिची पेन्सिल थांबली. मी बाकीच्या बायकांचे कागद बघून परत आले तरी ती तिथंच थांबलेली.

"काय झालं?"

"ह्या ओळीला कायच बसंना, बाई."

मी वाकून पाहिलं. चव घेण्यात आली होती व ती योग्य होती.

"हात काढा की. चव तुम्हीच घेता ना रोज?"

"रोज घेती. बुधवारी न्हाई घेतली."

"का?"

"संकष्टी हुती." तिनं मान वर केली नाही. "एकवीस वर्सं धरतीय, बाई. उपासाच्या दिवशी शिजल्यालं जिभेवर कसं ठिवायचं? चतुर्थीला आनसा चाखती. पर त्या दिवशी ती हापशावर गेल्ती पाण्याला, आन् घंटा झाली. म्हटलं, मिठाचा अंदाज मला न्हाई तर कुणाला? घातलं डब्यातलं, ढवळलं आन् वाढाय घेतलं."

"मग?"

"मिठाच्या डब्यात भांडी घासायचा सोडा हुता."

सुगंधा पेन्सिलीच्या टोकाशी बोलावं तशी बोलत राहिली. "डबं दोनी सारखंच. कुणी भरलं ते मला ठावं न्हाई. आनसानं भरलं असंल, मी भरलं असंल. पर आनसा येईपतोर मी पातेलं उतरीवलं हुतं. आता गुरुजी म्हणत्यात, चव घेतली म्हणून लिव. म्हंजे मी सुटती आन् रोजच्या चवीच्या वहीतली त्येंची सहीबी खरी हुती. आनसाला त्येंनी कालच सांगितलंय, येऊ नगं म्हणून."

मला सगळं लख्ख दिसलं. चव घेतली होती आणि ती बरी होती, म्हणजे बिघाड नंतर झाला. नंतर पातेल्यापाशी कोण होतं? आनसा. एका ओळीत दोन माणसं सुटत होती आणि तिसरं बुडत होतं.

आता इथं माझी, म्हणजे या वर्गाच्या कायदेपंडित बाईची, काय मर्दुमकी झाली ते सांगते. मला सुगंधाचं काम दिसलं. तिचं दोन खोल्यांचं घर दिसलं. आनसाला मी कधी पाहिलंही नव्हतं. मी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "वहीत सही आहे ना? मग ते वाक्य तसंच राहू दे."

"मग चित्र काय काढू?"

"काही काढू नका. जागा मोकळी सोडा."

सुगंधानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग कागदाची पुन्हा चौघडी केली, कमरेला खोवली आणि वर्ग सुटायच्या आत निघून गेली. मी फळ्याकडे वळले आणि बाकीच्यांना अर्जाचा मायना शिकवला. त्या दिवशी फार बडबड केली एवढं आठवतं.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास ती माझ्या दारात उभी. मी दळण आणायला निघाले होते, पिशवी तशीच खुंटीला लावली.

"एक रात न्हाई, दोन राती ठिवला कागद," ती म्हणाली. "आता वाचू का?"

तिनं वहीची चार पानं भरून आणली होती. सोप्यात सतरंजीवर बसून तिनं वाचायला सुरुवात केली आणि मी ऐकत राहिले. यात सदर नव्हतं. यात बुधवार होता. चतुर्थी होती, हापसा होता, दोन सारखे डबे होते. आणि एक ओळ अशी होती, जी शुक्रवारी तिनं मलाही सांगितली नव्हती. 'खिचडी तांबूस दिसली. मी पाहिली. मला वाटले तिखट जास्त पडले.'

"हे कधी आठवलं?"

"डोळं काढत हुते तवा. म्हटलं, अजून काय बघितलं मी? आन् पातेलं डोळ्याम्होरं आलं. सोड्यानं हळद लाल हुती, बाई. कुकू करत्यात की तसं. ही मला बारक्यापणापासनं ठावं हाय. बघितलं आन् तरी वाढलं."

तिचा आवाज इथं फुटला. पुढचं दीड पान तिच्या संसाराचं होतं. नवऱ्याचं आजारपण, दोन लेकी, एकीचं लग्न, आठ वर्षांत एक दिवस खाडा नाही. ते ऐकताना माझे डोळे भरून आले. असा मजकूर छापखान्यात वर्षाकाठी एखादाच हाती लागायचा.

"हे दीड पान राहू द्या," मी म्हणाले. "साहेब माणूस आहे. हे वाचून त्याला पाझर फुटेल."

सुगंधानं ते पान मनाशी पुन्हा वाचलं. मग माझ्याच समोर पेन्सिलीनं त्यावर वरपासून खालपर्यंत आडव्या रेघा ओढल्या.

"अहो, काय करता? खरं आहे ना ते?"

"खरं हाय. पर खिचडीचं न्हाई."

एवढ्यात फाटक वाजलं. पांढरा शर्ट, हातात छत्री, डुबल गुरुजी. त्यांना सुगंधाच्या लेकीकडून पत्ता कळला असावा. माणूस वाईट नव्हता. घामानं डबडबलेला आणि मनातून घाबरलेला होता, हे बघताक्षणी कळत होतं.

"नमस्कार, तारळेकर बाई. सुगंधाबाई इथंच आहेत वाटतं. झाला का खुलासा लिहून?"

"झाला," सुगंधा म्हणाली आणि चारातलं पहिलं पान त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. वाचता वाचता खाली बसले.

"बाई," ते मला म्हणाले, सुगंधाला नाही, "तुम्ही शुद्धलेखन बघा की. मजकूर कशाला बघता?"

"मी दोन्ही बघत नाही, गुरुजी. त्यांचा त्याच बघतात."

"असं कसं? तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत. तुम्ही नुसतं म्हणा, ही एक ओळ काढा. रोजची चव घेतल्याची सही माझी आहे. दोन वर्षं राहिलीत माझी. पेन्शनीला डाग लागला तर मी करायचं काय? आनसाचं काय, ती कुठंही खुरपायला जाईल."

"खुरपायला मी बी जाईन," सुगंधा म्हणाली.

"तुम्ही मधे बोलू नका."

"कागद माझा हाय, गुरुजी."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. शुक्रवारी मी जे बोलले होते तेच आता हा माणूस बोलत होता. फक्त त्याच्या तोंडी ते मला किळसवाणं वाटत होतं. माझ्या मनात त्याच्याविषयी राग आला आणि तो निम्मा माझ्यावरचा होता. मी म्हणाले, "गुरुजी, चहा घेणार असाल तर टाकते. ओळीबद्दल मी काही सांगणार नाही."

चहा न घेताच ते गेले. सुगंधा दुपारी बारापर्यंत बसली. चार पानांचं तिनं एक पान केलं. प्रत्येक ओळ वाचायची, पेन्सिल टेकवायची, कधी शब्द खोडायचा, कधी दोन ओळींची एक करायची. 'क्षमा असावी' तीनदा होतं, ते तिन्ही ठिकाणी खोडलं. मी विचारलं, एकदा तरी ठेवायचं? तर म्हणाली, "पोरांच्या आयांची मागून आली मी काल. अकरा घरं फिरले. सायबाची कशाला मागू?"

मी पूर्ण वेळ हात मांडीवर ठेवून बसले होते. सव्वीस वर्षांत मला एवढं कठीण काम कधी पडलं नव्हतं.

सोमवारी मी तिच्याबरोबर बोरजाईवाडीला गेले. तिनं बोलावलं नव्हतं, मीच गेले. शाळेच्या ऑफिसात विस्तार अधिकारी बसले होते, तरुण, चष्मा लावलेले, कंटाळलेले. दाराशी गावातल्या सात-आठ बायका आणि एका कोपऱ्यात आनसा. वाळलेली, लहानखुरी बाई. तिला पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेबांनी कागद मागितला. सुगंधा म्हणाली, "मीच वाचून दावते."

"कशाला? मला वाचता येतं."

"मलाबी येतंय, साहेब."

दाराशी कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी हातानं खूण केली, वाचा. ती वाचू लागली. बुधवारी माझा उपास होता. मी चव घेतली नाही. आनसाबाई पाण्याला गेली होती. मिठाच्या डब्यातल्या दोन ओंजळी मी घातल्या. तो सोडा होता. डबा कोणी भरला ते मला माहीत नाही. खिचडी तांबूस दिसली, तरी मी वाढली. आनसाबाईने पातेल्याला हात लावला नाही. कमी करायचे तर मला करा.

आठ-दहा ओळी, तेवढंच. साहेब सरळ बसले.

"इथं तुमच्या वहीत लिहिलंय, बुधवारी चव घेतली, उत्तम. मुख्याध्यापकांची सही आहे."

"सहीचं त्येंला इचारा. जीभ माझी हाय, ती मी सांगितली."

साहेबांनी वही पुढं ओढली. बुधवार पाहिला. मग सवयीनं पान उलटलं आणि थबकले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

"गुरुजी, आज सोमवार ना? इथं येत्या शुक्रवारपर्यंत चव उत्तम आहे. शुक्रवारी काय शिजणार आहे?"

डुबल गुरुजींनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. त्यांची बदली पुढं झाली, पेन्शन मात्र मिळाली. मला त्याचा आनंदही झाला नाही आणि दुःखही नाही.

"हा खुलासा कुणी लिहून दिला?" साहेबांनी सुगंधाला विचारलं.

"मी लिवला."

"दुरुस्त कुणी केला?"

"मीच."

"या बाई कोण मग?"

"माझ्या मास्तरीण. त्येंनी एक शबूद बदलला न्हाई."

हे अक्षरशः खरं होतं. मी मान खाली घातली. शुक्रवारी मी काय सांगितलं होतं ते त्या खोलीत माझ्याशिवाय फक्त सुगंधाला ठाऊक होतं, आणि ती सरळ साहेबांकडे बघत होती.

निकाल तिथंच झाला. आनसा कामावर राहिली, सुगंधाला कमी केलं. साहेब म्हणाले, माझा नाइलाज आहे, मुलांचा जीव आहे. सुगंधा म्हणाली, बरोबर हाय. ती बाहेर आली, आनसा तिच्या गळ्यात पडली, आणि सुगंधानं तिला जरा दूर धरून दटावलं, "रडायला येळ न्हाई. बारा वाजता पोरं बसतील. पळ."

जूनमध्ये गावातल्या आयांनी सभेत हट्टच धरून तिला परत कामावर घेतलं. त्यात उलट्या झालेल्या पोरांच्या आया पुढं होत्या. पण त्या सोमवारी हे आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिचं काम गेलेलं होतं आणि आम्ही दोघी भर उन्हात परत चाललो होतो.

अर्ध्या वाटेत मी बोलले. "सुगंधाबाई, मी तुम्हाला ते वाक्य तसंच ठेवा म्हणाले होते."

"व्हय."

"मी चुकले."

"मला म्हायती हाय." ती चालत राहिली. थोडं पुढं जाऊन म्हणाली, "मला सांगू नका, बाई. मी त्या दिवशीच सोडून दिलं. पर वर्गात बारा जणी हुत्या. त्येंच्या कानात ते तसंच बसलंय. त्यात हिराबाईबी हुती. त्येंनी उद्या तसंच लिवलं तर?"

मला चांगलीच मिरची झोंबली. मास्तरणीला कोण शिकवतंय, असंही क्षणभर वाटलं. रात्री जेवताना ते वाटणं ओसरलं, आणि नुसती लाज उरली. ती लाज आजही आहे, पण आता ती मला जड होत नाही.

मंगळवारी दुपारी वर्ग भरला. सगळ्या बायका आल्या होत्या, सुगंधा पहिल्या रांगेत. मी टेबलामागं न बसता त्यांच्यापुढं उभी राहिले.

"शुक्रवारी मी सुगंधाबाईंना एक खोटं वाक्य ठेवायला सांगितलं," मी म्हणाले. "ते खोटं आहे हे मला कळलं होतं. एक बाई त्यानं बुडणार हेही कळलं होतं. मी घाबरून सांगितलं. ते खोडा."

हिराबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी तशीच उभी होते, पुढं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

सुगंधानं मागं वळून सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे.

"बसा आता, बाई," ती म्हणाली. "म्होरला कागद कुणाचा हाय?"